खंडेनवमीच्या फोटोखालचा नमस्कार

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमची टूलरूम आहे. प्रेस टूल आणि डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवतो. आम्ही ४२ माणसं आहोत. मी ऑफिस सांभाळते. खरेदी, पगार, ग्राहकांचा पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडेच. २०२१पासून आम्ही ऑफिसच्या गप्पा आणि फायलींसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ॲप वापरतो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, त्याचा फोटो मी जनरल चॅनेलवर टाकला. दहा मिनिटांत त्याखाली हात जोडल्याचं चिन्ह उमटलं. पाहते तर आमचे जुने डिझाइन कन्सल्टंट! त्यांचं काम दीड वर्षापूर्वी संपलं, हल्ली ते चाकणच्या दुसऱ्या टूलरूमचं काम बघतात. मी सभासदांची यादी उघडली. नावापुढे ‘गेस्ट’ लिहिलेली १७ माणसं निघाली, त्यातली सहाच मला ओळखता आली. मालक म्हणाले, “राहू दे, घरचाच माणूस आहे. काढलं तर वाईट दिसेल.” त्यांचा मुलगा म्हणतो, बाहेरच्या सगळ्यांचं आजच बंद करा. आयटी बघणारा बाहेरचा माणूस म्हणतो, “मॅडम, काही होत नाही.” कुणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई, तिघांपैकी कुणाचंच पूर्ण ऐकू नका. पण त्या कन्सल्टंटविषयी मनात राग धरला असेल तर तो आधी सोडा. त्यांनी कुलूप तोडलेलं नाही. तुम्ही किल्ली दिली होती आणि परत मागितली नाही. त्यांनी उघडपणे नमस्कार केला म्हणून तुम्हाला कळलं तरी. उरलेल्या अकरा अनोळखी नावांपैकी कोणी गुपचूप येऊन ड्रॉइंग बघून जात असेल, तर ते कोणत्याही फोटोखाली दिसणार नाही. मला जास्त काळजी त्या अकरांची वाटते.

आज कुणालाही काढू नका. आधी नोंदी काढून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या योजनांमध्ये कोणी कोणती फाइल उघडली, कोणती उतरवून घेतली, याची ऑडिट नोंद १८० दिवस राहते. त्याआधीचं पुसलं जातं. म्हणजे तुम्ही एक आठवडा विचारात घालवलात तर मागचा एक आठवडा हातातून गेला. या सगळ्या प्रकरणात घाई करण्यासारखी गोष्ट ही एकच आहे. आयटीवाल्याला सांगा, या १७ जणांची गेल्या १८० दिवसांची नोंद काढून एक्सेलमध्ये द्या. तो “काही होत नाही” म्हणाला तर म्हणा, “होत नसेल तर उत्तमच, मला कागदावर दाखवा.”

नोंद आली की शांतपणे यादी करायला बसा. टीम्स ज्याचा भाग आहे त्या मायक्रोसॉफ्ट ३६५च्या ॲडमिन सेंटरमध्ये युजर्सच्या खाली गेस्ट युजर्स असा वेगळा भाग आहे. तिथे कंपनीचे सगळे पाहुणे एकत्र दिसतात. टीम्समध्ये दिसतात ते फक्त त्या त्या टीममधले, त्यामुळे आकडा १७च्या पुढे गेला तर घाबरू नका. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा : कोणत्या कामासाठी आले, आपल्यापैकी कोणी बोलावलं, काम कधी संपतं, आणि ईमेल कुठला आहे. दुसऱ्या रकान्यात तुमची पेन्सिल थांबेल. बोलावणारा नोकरी सोडून गेला असेल किंवा कोणालाच आठवत नसेल. जिथे बोलावणारा सापडत नाही तिथे पाहुणा ठेवायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळा.

आता बाहेरचा माणूस आत कसा येतो ते सांगते, कारण हे वेगवेगळे रस्ते लोक एकच समजतात. गेस्ट म्हणजे ज्याचं खातं तुमच्या कंपनीच्या यादीत तयार होतं. तुम्ही त्याला एखाद्या टीममध्ये घेतलंत की त्या टीमचे सगळे साधे, म्हणजे मुद्दाम खासगी न केलेले, चॅनेल त्याला दिसतात. तो आल्यानंतरचंच दिसतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आज दुपारी आलेला पाहुणा २०२१मधलं कोटेशन, त्याखालची तुमची आपसातली घासाघीस, ग्राहकाचं ड्रॉइंग, सगळं मागे सरकवत वाचू शकतो. तुमच्या जनरल चॅनेलवर पूजेचा फोटो होता, त्याच टीमच्या फाइल्समध्ये आणखी काय काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघा.

दुसरा रस्ता नुसत्या गप्पांचा. समोरचा त्याच्या कंपनीच्या खात्यावरून तुमच्याशी चॅट करतो, कॉल करतो. तुमच्या टीममध्ये तो येत नाही, फायली त्याला दिसत नाहीत. तुमच्या १७ जणांपैकी निम्म्यांना कदाचित एवढंच पुरलं असतं. पण फेब्रुवारी २०२१पासून टीम्समध्ये गेस्टची सोय मुळातच चालू असते, कुणी मुद्दाम बंद केली तरच बंद होते. समोर बटण दिसतं, लोक दाबतात. शिवाय पाहुण्यांच्या आमंत्रणाची मूळ सेटिंग इतकी सैल असते की कंपनीतला कोणीही बाहेरच्याला बोलावू शकतो, आणि पाहुणासुद्धा दुसरा पाहुणा बोलावू शकतो. तुमची अकरा अनोळखी माणसं कुठून आली असतील, याचं एक उत्तर इथे आहे. ही सेटिंग आयटीवाल्याकडून याच आठवड्यात बदलून घ्या. आमंत्रणाचा अधिकार तुमच्याकडे आणि प्रॉडक्शनमधल्या एखाद्या जबाबदार माणसाकडे ठेवा.

तिसरा रस्ता लिंकचा, आणि तो सगळ्यात फसवा. फाइलवर शेअर दाबून ‘एनीवन विथ द लिंक’ निवडलंत तर ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल उघडते. नाव नाही, पासवर्ड नाही, आणि हा माणूस तुमच्या गेस्टच्या यादीत कुठेच दिसत नाही. डायच्या ड्रॉइंगची अशी लिंक एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये पडली की ती कुठे कुठे गेली हे सांगता येत नाही. टीमच्या फायली जिथे साठतात त्या शेअरपॉइंटच्या साइटवर ‘साइट युसेज’ नावाचं पान आहे. तिथून बाहेरच्यांना काय काय शेअर झालंय त्याची यादी काढता येते. ती काढा. अशा लिंक एक तर बंद करा, नाहीतर त्यांना मुदत लावा. इथून पुढे शेअर करताना ‘स्पेसिफिक पीपल’ निवडायचं, हे ऑफिसमधल्या सगळ्यांना एकदा उभं राहून सांगा. लेखी सूचना कोणी वाचत नाही.

मालकांचं म्हणणं आता घेते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. “घरचाच माणूस आहे.” असेलही. पण घरचा माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा पासवर्ड चोरीला जाऊ शकतो. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराला दिलेल्या लॉगिनवरून. ठेकेदाराने काहीही चोरलं नव्हतं. त्याच्या कामासाठी एक दार उघडं होतं, ते दुसऱ्याच कोणी वापरलं.

तुमच्या बाबतीत याहून साधी गोष्ट आहे. कन्सल्टंटना कोणत्या ईमेलवर बोलावलं होतं ते बघा. माझा अंदाज आहे, जीमेल. आपल्याकडे सगळे कन्सल्टंट जीमेलवरच असतात. एखाद्या कंपनीच्या ईमेलवर बोलावलेला पाहुणा ती नोकरी सोडतो तेव्हा त्याचं तिथलं खातं बंद होतं आणि तुमच्याकडे यायचा त्याचा रस्ताही बहुतेक वेळा आपोआप बंद होतो. जीमेलवाला पाहुणा नोकरी बदलो, शहर बदलो, तुमच्याकडे येतच राहतो. म्हणून सीएच्या ऑफिसमधल्या मुलांना, ग्राहकाच्या इंजिनियरला नेहमी ऑफिसच्याच ईमेलवर बोलवा. ज्यांच्याकडे तसा ईमेलच नाही त्यांच्या नावापुढे लाल खूण करा. त्यांच्यावर लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे.

तरी मालकांना हे सगळं ऐकवू नका. त्यांना चलनाचं पुस्तक दाखवा.

तुमच्या स्टोअरमध्ये ते असणारच. डाय वायरकटला किंवा हार्डनिंगला बाहेर जाते तेव्हा रिटर्नेबल चलन फाटतं. काय गेलं, कुणाकडे गेलं, कशासाठी गेलं, परत कधी यायचं. गेटवरचा वॉचमन चलन बघितल्याशिवाय टेम्पो सोडत नाही. हार्डनिंगवाला मालकांचा वीस वर्षांचा मित्र असला तरी चलन फाटतंच, आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही. जीएसटीतही जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर तो विकला असं धरतात. मग ज्या ड्रॉइंगवरून ती डाय बनते ते ड्रॉइंग बाहेरच्या माणसाला बिनचलनाचं, बिनतारखेचं कसं काय दिलं? मालक आयुष्यभर चलनावर सह्या करत आलेत. त्यांना हे एका वाक्यात कळेल.

आणि ग्राहकाबरोबरचा गुप्ततेचा करार कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवा. वाहन उद्योगातल्या ग्राहकांच्या करारात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की ड्रॉइंग कुणाला दाखवायचं आणि काम संपल्यावर काय करायचं. कन्सल्टंट आता दुसऱ्या टूलरूमचं काम बघतात. उद्या ग्राहकाने विचारलं तर सही मालकांची आहे. ऑडिट नोंदीत काम संपल्यानंतर त्यांनी ग्राहकाची ड्रॉइंग उतरवून घेतल्याचं दिसलं, तर करारात कळवण्याची अट आहे का ते वकिलाकडून वाचून घ्या. हे लपवायच्या फंदात पडू नका. तुम्ही स्वतः सांगितलेलं आणि त्यांना बाहेरून कळलेलं, यात ग्राहक फार मोठा फरक करतो.

धाकट्या साहेबांची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. बाहेरच्यांचं सगळं बंद केलंत तर काम थांबणार नाही, ते व्हॉट्सॲपवर जाईल. प्रॉडक्शनवाला ड्रॉइंगचा फोटो काढेल आणि वायरकटवाल्याला पाठवेल, कारण त्याला उद्या सकाळी डाय हवी आहे. त्याला दोष देता येणार नाही. टीम्समध्ये निदान यादी आहे, नोंद आहे, काढून टाकायचं बटण आहे. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो त्याच्या फोनमध्ये मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी कायमचा पडून राहतो.

त्यामुळे पाहुण्यांना बसवायची जागा बदला. त्यांना मुख्य टीममध्ये घेऊ नका. प्रत्येक मोठ्या कामासाठी वेगळी टीम करा, तिच्यात फक्त त्या कामाच्या फायली ठेवा आणि पाहुणा तिथेच बोलवा. काम संपलं की टीम बंद. सीएच्या ऑफिससाठी एकच स्वतंत्र टीम पुरेल. पगाराच्या शीट, आधारच्या प्रती जनरलमध्ये पडलेल्या असतील तर त्या आजच तिथून हलवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशा माहितीची जबाबदारी तुमच्या कंपनीवर टाकतो, काम बाहेरच्याकडून करून घेतलं तरीही. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुम्हाला तेवढा होईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या ४२ माणसांनी आपली कागदपत्रं तुमच्या हातात दिली आहेत, आणि माझ्या लेखी तेवढं कारण पुरे आहे.

पाहुण्यांच्या मुदतीसाठी मायक्रोसॉफ्टच्या महागड्या योजना आहेत. त्यात दर काही महिन्यांनी पाहुण्यांची फेरतपासणी आपोआप होते. तुमच्या आकाराच्या ऑफिसला त्याची गरज नाही. पाहुणा आत घेताना त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये त्याच्या नावाने शेवटची तारीख टाका. तारीख ठरत नसेल तर अकरा महिने धरा. आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचाच असतो. मुदत संपली म्हणून भाडेकरू रुसत नाही, दोघं बसून नवा करार करतात. आणि दर तिमाहीला, जीएसटीचे कागद आवरायला बसता त्याच दिवशी, यादीवरून एकदा बोट फिरवा. अर्धा तास लागतो.

आयटीवाल्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायलाच हवं. तुम्ही १७ पाहुणे मोजलेत. अठरावा तो आहे. तो बाहेरचाच माणूस आहे, आणि त्याच्याकडे बहुधा ग्लोबल ॲडमिनचा अधिकार आहे. म्हणजे तो कुणाचाही पासवर्ड बदलू शकतो, कुणालाही आत घेऊ शकतो, मालकांच्या मेलपर्यंत पोचायची व्यवस्था करू शकतो. तो वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी स्वतः अनेक वर्षं असंच बाहेरून काम केलं आहे. एका ऑफिसचं काम संपल्यानंतर तीन वर्षांनी माझ्या फोनवर त्यांच्या टीमची सूचना आली. उघडून बघते तर पगारवाढीची यादी. मी लगेच फोन केला. मला काढायचं कसं, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, कारण ॲडमिन मीच होते. माझ्याच खात्यावरून मी त्यांच्या हिशेबनीसाला अधिकार दिले आणि मग फोनवर त्याला एकेक पायरी सांगून स्वतःला बाहेर काढून घेतलं. अजून आठवलं की छातीत धडधडतं. माझ्या जागी कोणी रागावून गेलेला माणूस असता तर?

म्हणून ग्लोबल ॲडमिनचं एक खातं मालकांच्या नावे हवंच. त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवा. आयटीवाल्याचं ॲडमिन खातं त्याच्या स्वतःच्या नावाने हवं, ‘ॲडमिन’ नावाचं सामायिक खातं नको. त्याच्याकडे मदतनीस येत असेल तर त्याचं वेगळं खातं. सगळ्यांना फोनवरचा दुसरा कोड सक्तीचा. आणि रोजच्या कामाला ग्लोबल ॲडमिन लागत नाही, युजर जोडणं-काढणं खालच्या अधिकारातही होतं, हे त्यालाही माहीत आहे. त्याला समोर बसवून सांगा. चांगला माणूस असेल तर तो खूश होईल, कारण उद्या काही घडलं तर पहिला संशय त्याच्यावर येणार असतो.

राहिले तुमचे जुने कन्सल्टंट. नोंद हातात आली की त्यांना काढायचं, पण न सांगता नाही. मालकांना सांगून फोन तुम्ही करा. मालकांनी स्वतः केला तर उत्तमच. बोलायला शब्द हवेत तर हे घ्या :

“सर, नमस्कार. खंडेनवमीला तुमचा नमस्कार पोचला, सगळ्यांना छान वाटलं. एक काम होतं. आम्ही यंदापासून नियम केलाय की काम संपलेल्या सगळ्यांचं टीम्समधलं खातं बंद करायचं. तुमचं आमच्याकडून राहून गेलं, चूक आमची आहे. या शुक्रवारी बंद करतेय. तुमचं काही अडकलेलं असेल तर त्याआधी सांगा. आणि आमची ड्रॉइंग तुमच्या लॅपटॉपवर असतील तर ती काढून टाकून मला एक ओळ मेल करा, फाइलला लावायला.”

त्यातलं ‘सगळ्यांचं’ हा शब्द खोटा नसावा. खरंच सगळ्यांचं त्याच आठवड्यात करा. एकट्यालाच काढलंत तर तो अपमान ठरतो.

हवं तर ते स्वतःही बाहेर पडू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘माय अकाउंट’ पानावर ऑर्गनायझेशन्समध्ये तुमच्या कंपनीच्या नावापुढे ‘लीव्ह’ असतं. काही ज्येष्ठ माणसांना स्वतःहून निघणं बरं वाटतं, तेवढा मान द्या. पण शुक्रवारी तुम्ही तपासायचंच. नुसतं टीममधून नाव काढून भागत नाही. टीममधून काढलं तरी कंपनीच्या यादीतलं पाहुण्याचं खातं तसंच राहतं, आणि त्यांना वेगळ्याने शेअर केलेल्या फायलीही उघडत राहतात. ॲडमिन सेंटरमधून खातं डिलीट करायला लागतं. चुकून भलत्याचं डिलीट झालं तर ३० दिवसांत परत आणता येतं, त्यामुळे हात थरथरू देऊ नका. ‘एनीवन’वाल्या लिंक मात्र खातं गेल्यावरही चालतात, त्या वेगळ्या बंद करायच्या. जे त्यांनी आधीच उतरवून घेतलंय ते कोणत्याही बटणाने परत येत नाही. त्यासाठीच ती एका ओळीची मेल मागायची.

अकरा अनोळखींना फोन करत बसू नका. ऑफिसमध्ये यादी फिरवा, दोन दिवस द्या, ज्यांचा धनी पुढे आला नाही त्यांची खाती बंद करा. खरंच काम असलेला माणूस सोमवारी सकाळी स्वतः फोन करेल आणि तुम्हाला त्याचं नाव, काम आणि तारीख आयतीच मिळेल.

पुढच्या खंडेनवमीला फोटो जनरलवर टाका, आणि त्या सरांना व्हॉट्सॲपवर वेगळा पाठवा. मागे भिंतीवर किंवा टेबलावर एखादं ड्रॉइंग दिसत नाही ना, तेवढं पाठवण्याआधी बघा.